दांड्याची बातमी

बाबा मुलुंडच्या वृद्धाश्रमात राहायला गेले ते स्वतःच्या पायांनी. आमची घाटकोपरची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही चौथ्यावर. आई गेल्यावर दीड वर्षाने बाबांना पक्षाघाताचा हलका झटका आला. पाय बराचसा सुधारला, पण डाव्या डोळ्याची पापणी नीट मिटेना, त्यातून सारखं पाणी येई. मी त्यांची एकुलती एक मुलगी. पवईला नोकरी, सकाळी आठला बाहेर पडते ती संध्याकाळी साडेसातला घरी. तेवढ्या वेळात बाबा दोनदा जिन्यात पडले. दुसऱ्यांदा पडल्यावर त्यांनीच आश्रम शोधला आणि मला सोबत घेऊन बघायला गेले. विक्रोळीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. आश्रमात त्यांनी आधी नळ उघडून बघितले, दारांच्या बिजागऱ्या हलवून बघितल्या आणि म्हणाले, "चालेल. खोली तळमजल्यावर आहे."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका मराठी वृत्तवाहिनीचे लोक आश्रमात येणार असं ठरलं. आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. आवाजात उत्साह.

"टीव्हीवाले येतायत उद्या. मी सगळं लिहून काढलंय."

"काय लिहिलंय?"

"दांड्याचं. दुसरं काय?"

सामाईक बाथरूममध्ये कमोडवरून धरून उठायला भिंतीला स्टीलचा दांडा होता. तो महिनाभर भिंतीतून सुटून हलत होता. समोरच्या खोलीतल्या आजी त्याला धरून उठताना पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. व्यवस्थापकांना बाबांनी तीनदा सांगितलं होतं. दर वेळी "बघतो, काका" एवढंच. टीव्हीवर आलं की काम होईल, असं बाबांना वाटलं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ऑफिसातल्या मैत्रिणीने मला मोबाइलवर क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, 'हे तुझे बाबा ना गं?' मी जिन्यात जाऊन बघितली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत, 'पोटच्या पोरांनी पाठ फिरवली'. मागे रडकी बासरी. मग बाबांचा चेहरा, हळूहळू जवळ येत फक्त डावा डोळा, आणि त्यातून गालावर आलेलं पाणी. बाईचा आवाज विचारतो, "आजोबा, मुलीची आठवण येते?" बाबा म्हणतात, "येते ना." संपलं. दांडा कुठेच नव्हता.

संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती क्लिप फिरली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "अगं, आम्हाला सांगायचं ना. आम्ही काय मेलो होतो?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

वाहिनीला चार दिवस फोन केले. पाचव्या दिवशी ती वार्ताहर बाई स्वतः बोलली. तरुण आवाज, मागे गाड्यांचे हॉर्न.

"मॅडम, तुमचं नाव घेतलंय का कुठे?"

"माझं राहू दे. त्यांचा डोळा आजाराने गळतो. ते रडत नव्हते."

ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं. त्यांनी बाथरूम दाखवलं होतं, आम्ही शूटही केलं. पण ऑफिसातल्या डेस्कने नाही घेतलं. दिवाळीला बाथरूम कोण बघणार, असं म्हणाले."

"मग आता तरी दाखवा."

"मॅडम, मी दिवसाला तीन स्टोऱ्या करते. तो आश्रम करून झाला आता."

मला भांडायचं होतं, पण तिचा आवाज माझ्याइतकाच दमलेला होता. मी फोन ठेवून दिला.

रविवारी मुलुंडला गेले तर आश्रमाच्या दारात गाड्या लागलेल्या. क्लिप बघून लोक आले होते. फराळाचे डबे, शाली, ब्लँकेटं. प्रत्येक जण एकेका आजी-आजोबांना शाल पांघरवून फोटो काढत होता. बाबांच्या कॉटवर तीन शाली होत्या. उकाडा मरणाचा.

"दांड्याचं दाखवलं का गं?" त्यांनी विचारलं. कुणीच त्यांना क्लिप दाखवली नव्हती. मी दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितली.

"हे माझंच बोलणं आहे," ते म्हणाले. "पण मी पुढे अर्धा तास दांड्याबद्दल बोललो."

मी विचारू नये ते विचारलं. "बाबा, खरंच आठवण येते?"

"अगं, येणारच ना. त्यात बातमी काय?"

मग त्यांनी उशीखालून तोच लिहिलेला कागद काढला, उलटा केला आणि मागे मला सामान लिहून दिलं: स्क्रू, भिंतीत घालायचे प्लग, सिमेंटची पुडी. ड्रिल मशीन घरी माळ्यावर होतंच.

पुढच्या रविवारी मी ते सगळं घेऊन गेले. बाबा बाथरूमच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मी आयुष्यात भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता.

"सरळ धर. जोर नको लावू, मशीन आपोआप जाईल. आता थांब. जुनं भोक बुजव, दोन बोटं वर नवीन घे."

दोन तास लागले. केसांत, डोळ्यांत टाइल्सची पांढरी भुकटी. शेवटी बाबा उठले, दोन्ही हातांनी दांडा धरून सगळं अंग त्यावर टाकलं. दांडा हलला नाही. मग पुन्हा एकदा भार टाकून बघितला.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. "अरे वा! मला सांगायचं ना काका, मी माणूस पाठवला असता." त्यांनी मोबाइल काढला. "ताई, बाबांच्या खांद्यावर हात ठेवा. बापलेकीचा फोटो टाकू आपल्या पेजवर."

"फोटो दांड्याचा काढा," बाबा म्हणाले.

व्यवस्थापक हसले आणि मोबाइल खिशात घालून निघून गेले.

मी भुकटी झाडून घेतली, फरशी धुतली, बाबांना हात देऊन खोलीत आणलं. ते लगेच आडवे झाले आणि घोरायला लागले. जेवणाची घंटा वाजली तरी उठले नाहीत. मीही त्यांच्या खुर्चीत तशीच बसून राहिले.