उपाशी तळं

लढाईच्या दिवसांत सरकारच्या मत्स्य खात्याने मला धानोऱ्याजवळच्या तीन तळ्यांवर नेमलं होतं. नेमलं म्हणजे हंगामी. तिन्ही तळ्यांत बोटाएवढी माशांची पिल्लं सोडायची, पहिल्यात भुईमुगाची पेंड घालायची, दुसऱ्यात भाताचा कोंडा, तिसऱ्यात काहीच नाही. दर पंधरवड्याला थोडे मासे जाळ्यात धरून तागडीत जोखायचे आणि कशाने जास्त वाढतात, किती जगतात, ते खात्याच्या साहेबांना कळवायचं. अहवाल पसंत पडला तर नोकरी कायम होणार होती, आणि नोकरी कायम झाली तरच शहाद्याचे एक गृहस्थ आपली मुलगी मला देणार होते. थोडक्यात, माझं लग्न माशांच्या वजनावर अडलं होतं.

मला शिस्तीची भारी हौस. गोंधळ नको म्हणून मी तीन पाट्या रंगवून काठावर ठोकल्या: 'पेंड', 'कोंडा' आणि 'उपाशी'. गावच्या शाळामास्तरांनी त्या येणाऱ्याजाणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

दुसऱ्या महिन्यात उपाशी तळ्यातले मासे सगळ्यांत जड भरले. मी तागडी बदलली, वजनं बदलली, तळ्यांवरच्या, गावातल्याच राखणदारावर खेकसलो. मग एका दुपारी मी बाभळीआड दबा धरून बसलो. पाणी भरायला आलेल्या एका म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं, पदराखालून भाकरी काढली आणि कुस्करून उपाशी तळ्यात टाकली.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"भाऊ, त्या सरकारना पाहुना शेतस. पाटी लाईसन पाहुनाले कोनी उपाशी ठेवस का?"

सरकारचे हे पाहुणे पाटी लावून उपाशी ठेवलेले गावाला बघवेनात. चौकशी केली तर गावाने चक्क पाळ्या लावलेल्या. तव्यावरची पहिली भाकरी गायीला द्यायची रीत होतीच. आता दुसरी माशांना जात होती. राखणदार म्हणाला, "मन्ही पाळी बुधवारले शे."

मी सगळ्यांना फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर कोणी फिरकलं नाही. दुपारी मी काठावर माझी शिदोरी सोडली, तर मासे तोंडं उघडून समोर गोळा झाले. बराच वेळ मी दुसरीकडे बघून जेवलो. मग उरलेली अर्धी भाकरी मीच पाण्यात टाकली. स्वतःचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता.

अखेर साहेब आले. त्यांच्यासमोर मासे जोखले. "काही न घालता एवढी वाढ?" ते हरखून गेले. खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. राखणदार माझ्याकडे बघत होता. मला शहाद्याची मुलगी दिसत होती.

"होय साहेब, काहीच न घालता," मी म्हणालो.

नोकरी कायम झाली. लग्नही झालं. माझ्या अहवालावरून साहेबांनी बाकीच्या सरकारी तळ्यांत माशांना खाणं घालणं बंद करवलं, आणि वर्षभराने माझी बदली नवापूरकडच्या तशाच एका तळ्यावर झाली. जाळं टाकलं. बरेचसे मासे उरलेच नव्हते, आणि जे होते ते अजून बोटाएवढेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या लोकांना काय बोलणार? मासे उपाशी आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी एक फळी मिळवली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'उपाशी' रंगवलं आणि ती काठावर ठोकली. शाळा तिथून लांब होती. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांना मी स्वतःच ती मोठ्याने वाचून दाखवू लागलो.