शेरीफकाकांची हरवलेली टेप

शेरीफकाका दाराकडे पाठ करून कधी बसले नाहीत. हॉटेलात, लग्नात, कुणाच्या बारशाला, कुठंही गेले की आधी दार शोधायचे आणि मग खुर्ची. एकदा आमच्याकडच्या सत्यनारायणाला आईने त्यांना आणि काकूंना पूजेला बसवलं. पूर्वेकडे तोंड केलं की दाराकडे पाठ होत होती. काकांनी गुरुजींना इतक्या नम्रपणे विचारलं, पूर्व थोडी सरकवता येईल का, की गुरुजी क्षणभर खरंच विचारात पडले. शेवटी पाट तिरके झाले आणि काकू अख्खी कथा आमच्या फ्रिजकडे बघत बसल्या.

कारण साधं होतं. दाराकडे पाठ करून पत्ते खेळणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत मरतो, हे काकांनी शेकडो काउबॉय पिक्चरांत पाहिलं होतं. त्या पिक्चरांतल्या फौजदाराला शेरीफ म्हणतात, त्यावरूनच आम्ही त्यांना शेरीफकाका म्हणायचो. ते मूळचे मिरजेचे, लंडनच्या हॅरोत आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहायचे आणि इथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचे. माझे आईबाबा दोघेही डॉक्टर. शनिवारी दोघांपैकी एकाची तरी ड्यूटी असायचीच, आणि दुसऱ्याला झोप हवी असायची. मग माझी रवानगी काकांकडे. धाकटा रोहन घरी चालायचा, मी नाही, कारण मी फार बोलायची.

शनिवारी दुपारी टीव्हीवर जुने काउबॉय पिक्चर लागायचे आणि काका ते टेप करून ठेवायचे. मोठे, रंगीत, नावाजलेले पिक्चर त्यांना चालत नसत. त्यांना हवे असायचे ते आठवड्याभरात उरकलेले, तासाभराचे, ब्लॅक अँड व्हाइट. त्यांत तोच घोडा, तीच नदी आणि तेच आठ गुंड असायचे. एका पिक्चरमध्ये मेलेला गुंड पुढच्यात दारूच्या गुत्त्यात ग्लास पुसताना दिसला की काका त्याची चौकशी करायचे. एक मोठा खडक तर सगळ्यांतच होता. त्याचं नाव काकांनी खंडोबा ठेवलं होतं, आणि तो दिसला की ते दोन्ही हात जोडायचे. काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, “अहो, त्या खडकाला आता पेन्शन द्या.”

या स्वस्तातल्या हिरोंवर त्यांची फार माया. हिरो आधी गोळी झाडत नाही, दारूच्या गुत्त्यात जाऊन दूध मागतो, आणि किती मारामारी झाली तरी त्याची हॅट पडत नाही. हॅट पडली तर परत शूटिंग करायला पैसे कुठून आणणार, असं मी एकदा म्हटलं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

स्वतःला मात्र ते कधी हिरो समजले नाहीत. मला एकदा म्हणाले, “सर्जन हिरो असतो गं. मी त्याचा तो दाढीवाला जोडीदार. गोळ्या तो झाडणार, घोडे मी धरणार. घोडा सुटला तर हिरो पायी कुठं जाणार आहे?” त्यांची ड्यूटी संपली तरी ते पेशंट पुरता जागा होईपर्यंत त्याच्या उशाशी थांबायचे. तिथं लक्ष एका मिनिटासाठीही ढळून चालत नाही, कशाच्या आधी काय दिलं हे डोक्यात पक्कं असावं लागतं, असं आई सांगायची. काकांचं डोकं त्याबाबतीत नावाजलेलं होतं.

त्यांच्या शेल्फवर एक टेप वेगळी होती. तिला ते ‘बाबांचा पिक्चर’ म्हणायचे. त्यांचे वडील मिरजेत कंपाउंडर होते, आणि बापलेकांनी मिळून जन्मात एकच पिक्चर पाहिला, पत्र्याच्या थिएटरमध्ये. तोच पुढे एका शनिवारी टीव्हीवर लागला तेव्हा काकांनी ड्यूटी बदलून तो टेप केला, आणि वर कुणी चुकून दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकला. तो पिक्चर परत कधी लागला नाही. ही टेप ते कुणालाही देत नसत.

मी चौदा वर्षांची असताना मला कांजिण्या झाल्या आणि शनिवार बुडाला. तर काका स्वतः दारात हजर, हातात बाबांचा पिक्चर. “आजारी माणसाला चांगलंच औषध द्यावं लागतं,” म्हणाले. मी तो तीनदा पाहिला आणि कव्हर एकीकडे, कॅसेट दुसरीकडे अशी टाकून दिली.

पुढच्याच महिन्यात रोहनची मुंज झाली. कॅमेऱ्यातली मुंज मोठ्या कॅसेटवर उतरवून पुण्याला आजोबांना पाठवायची होती आणि ते काम माझ्याकडे आलं. घाईत हाताला जी लागली ती कॅसेट मी घेतली. कडेला भोक होतं, त्यावर चिकटपट्टी लावली. ही युक्ती तेव्हा घरोघरी ठाऊक होती. मुंज भरली आणि माझ्या बाबांनी पार्सल पोस्टात टाकलं. टीव्हीखाली बाबांच्या पिक्चरचं रिकामं कव्हर सापडलं ते चार दिवसांनी.

मी ते कव्हर कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. आठवड्याने काकांनी विचारलं, “मीनल, बाबांचा पिक्चर तुझ्याकडेच आहे ना?” मी म्हटलं, “नाही काका, मी मागेच आणून तुमच्या शेल्फवर ठेवला की. तुम्हीच तर हातात घेतलात.” ते म्हणाले, “असेल. माझ्या लक्षात नाही.”

त्यांनी घर पालथं घातलं, गराजसुद्धा. मी सोबत शोधू लागले, हे लिहिताना आजही लाज वाटते. त्यांची आई शेवटी सगळ्यांना विसरून गेली होती, आणि आपलंही तेच सुरू झालं असं त्यांच्या मनाने घेतलं. ते खिशात वही ठेवू लागले, गॅस बंद केला का हे तीनतीनदा बघू लागले. पाच वर्षांनी त्यांनी वेळेआधीच काम सोडलं. आईने कारण विचारलं तर म्हणाले, “ज्याला टेप कुठं ठेवली ते आठवत नाही, त्याने लोकांना झोपवू नये.” मी तेव्हा युनिव्हर्सिटीत होते. सांगायला हवं होतं. दर सुट्टीत ठरवायची, आणि त्यांच्या घरी चहा पिऊन परत यायची.

आता काकू नाहीत. काका लंडनबाहेर मेडनहेडला, त्यांच्या मुलाच्या जवळ एका केअर होममध्ये असतात, आणि विसरणं आता खरोखरच आलंय. आल्यागेल्याला ते सांगतात, “टेप हरवली ना, तेव्हाच माझं सुरू झालं.”

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या मावसभावाला माळ्यावर ती मुंजीची कॅसेट सापडली. त्याने ती फोनवर उतरवून घरच्या ग्रुपवर टाकली. भिक्षावळ संपते, आत्या हात हलवते, पडद्यावर मुंग्या येतात आणि एकदम पांढऱ्या हॅटवाला घोडा फेकत येतो. पिक्चरची शेवटची अकरा मिनिटं शाबूत होती. खाली भावाने लिहिलं होतं, “आम्हाला लहानपणी वाटायचं, लंडनच्या मुंजीत शेवटी असंच असतं.” सगळे हसत होते. मी त्या शनिवारी मेडनहेडची ट्रेन पकडली.

काकांनी अकरा मिनिटं मान न हलवता पाहिलं. मग मी म्हटलं, “काका, टेप तुम्ही हरवली नव्हती. मी तिच्यावर मुंज भरली, आणि तुमच्याशी खोटं बोलले.” ते रागावतील असं वाटलं होतं, रागवावं असंही वाटत होतं.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो,” ते म्हणाले.

“नाही, काका.”

“तेव्हा माझं डोकं ठीक होतं.”

“एकदम ठीक होतं.”

त्यांनी डोळे मिटले. चेहरा इतका निवांत झाला की मला रडू आवरेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “मग मी काम का सोडलं?”

पुढच्या शनिवारी गेले तर मला बघून म्हणाले, “ये. टेप हरवली ना, तेव्हाच माझं सुरू झालं बघ.” मी फोन काढला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेव्हापासून दर शनिवारी सांगते. कधी ते चिडतात, कधी मुंज नीट पार पडली ना विचारतात, आणि दर वेळी एकदा तरी म्हणतात, “म्हणजे मी विसरलो नव्हतो.”

परवा त्यांचा मुलगा मला म्हणाला, “व्हाय डू यू पुट युअरसेल्फ थ्रू इट, मीनल? सोमवारी बाबांना काही आठवत नाही. माझं नावसुद्धा नाही.”

मी म्हटलं, “टेप हरवल्याचं आठवतं ना. तेवढं आठवतंय तोवर मी येणार.”