एका बट्टीसाठी

पिंप्राळ्याच्या मैदानावर मी रोज सकाळी ‘बायांनो, व्यायाम करा’ अशी पत्रकं वाटायचे. तिथे एक तरुणी भर मे महिन्यात स्वेटर घालून धावायची. नाव मी कधी विचारलं नाही. दर फेरीनंतर ती बोटांचं कडं करून आपला दंड मापायची. बोटं जुळली की पुन्हा पळायची.

चालायला येणाऱ्या अक्का कौतुकानं ओरडायच्या, “कशी काडी व्हई गई वं माय! आमले बी शिकाड ना!”

एकदा ती धापा टाकत बाकावर टेकली. मी केळं पुढे केलं.

“नको ताई. परवा लग्नात वरणासोबत तुपातली एक बट्टी खाल्ली, ती अजून पळून संपली नाही.”

“पाळी येते का?”

“सात महिने बंद आहे. बरंच झालं, पळण्यात खंड नाही.”

ती हसली. मला अक्कांचा संताप आला, मग स्वतःचा. माझ्या पत्रकात पोटभर खाण्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि ते लिहिलं होतं मीच.

“आत्ता दवाखान्यात चला,” मी म्हटलं आणि रिक्षा थांबवली.

“दोन फेऱ्या होऊ द्या,” म्हणत ती उठली.

दोन झाल्या, पाच झाल्या. कंटाळून रिक्षावाला निघून गेला. ती पळतच होती.