घरी ठेवलं तर खर्च नाही

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पण कोणी पैशाचं शहाणपण सांगायला लागला, की त्याच्या बोलण्याखाली काय दडलंय त्याचा वास मला लवकर येतो. आमचे बापजादे बैलांवर गोण्या लादून मुलूखभर फिरले. बैल अंग चोरायला लागला तर आजा गोणीकडं पाहत नसे. गोणी उतरवून तिच्याखालच्या गादीत हात घालायचा. खडा तिथं असतो.

माझी म्हातारी न्हाणीत घसरली अन् खुब्याचं हाड मोडलं. पुसदच्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, यवतमाळला न्या, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर ही पुन्हा उभी राहणार नाही. माझी पोरं तिला घेऊन तांड्यावर परत आली. कायले? तर विचार करायला. लिहितानाही तोंड कडू होतं.

सकाळी ओसरीवर बैठक बसली. थोरला पोरगा, नागपूरहून आलेला धाकटा, अन् जावई, ते मास्तर आहेत. म्हातारी आतल्या खाटेवर, दार सताड उघडं. एकेक शब्द तिच्या कानावर जात होता अन् हे फुर्र फुर्र चहा पीत होते.

जावई म्हणाले, "मामाजी, या वयात ऑपरेशन म्हंजे पैसा पान्यात."

"काहून? ती उद्या मरून राह्यली काय?"

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हटलं नाही. पण ते खाली धरल्याशिवाय तुमचं वरचं बोलणं उभं राहत नाही, जावईबापू."

धाकटा मोबाईलमधून डोकं न काढता बोलला, "बा, सरकारी योजनेत फुकट होते म्हंतात. पण फुकटाचं काम फुकटासारखंच असते."

"मंग पैसे मोजून चांगल्या जागी कर."

"तेवढे कुठून आणू?"

"फुकट नको, महाग जमत नाही. म्हंजे तुले काही करा लागत नाही, तेच चांगलं."

थोरल्याचं तांड्यात समजूतदार म्हणून नाव आहे. तो घसा खाकरून म्हणाला, "भांडता कायले? घरी ठेवू याडीले. घरी ठेवलं तर खर्च नाही." दोघांनी माना हलवल्या. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. त्या दिवशी त्याच्या तोंडून तो शब्द मला सहन झाला नाही.

खर्च नाही म्हणे! रात्रभर त्याची बायको म्हातारीला पुसत होती, खालच्या चादरी बदलून धूत होती. पहाटे तिचे डोळे पाहून मीच म्हटलं, जा बाई, शेताकडं जाऊन ये, हवा लागू दे.

तेवढ्यात आतून म्हातारीनं हाक मारली. तिला शौचाचं भांडं हवं होतं. तिघांनी एकदम स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"सून घरी नाही," मी म्हटलं. "बोला, कोण उठते?"

जावई म्हणाले, सासूबाईंना मी कसा हात लावू. धाकट्याला म्हणे वासानं उलटी होते. थोरल्यानं कपात उरलेला चहा बशीत ओतला.

मी उठलो. माझी कंबर गेलेली. तिला उचलताना ती ओरडली, मीही ओरडलो. काम झालं, अन् ते भांडं तसंच बाहेर आणून बैठकीच्या मधोमध, चहाच्या कपांशेजारी ठेवलं.

"घ्या. याचा खर्च लावा. रोजचा, ती जगेल तोवर."

जावयांनी नाकाला रुमाल लावला. आतून म्हातारी बोलली, "अन् ते धुवा बी लागते म्हणा. त्यायले मालूम नसन."

थोरल्याचं तोंड उतरलं. त्यानं फोन काढून गाडीवाल्याला बोलावलं. धाकटा योजनेचं कार्ड शोधायला पेटी उघडून बसला. मला जरा बरं वाटायला लागलं होतं, तर थोरल्यानं सवयीनं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक दिली, "अवं, हे भांडं उचल वं!"

मी काठी त्याच्यासमोर आडवी धरली. "गाडी यायले वेळ आहे. धू."

त्यानं मोरीत बसून, मान वाकडी करून ते धुतलं.

ऑपरेशन योजनेत फुकटच झालं. आता म्हातारी वॉकर धरून अंगणात फिरते. येणारे-जाणारे थोरल्याला म्हणतात, आईसाठी लई खर्च केला गड्या तू. तो मान हलवतो. मागून तिची कंबर धरून सून चालत असते, तिला कोणी काही म्हणत नाही. मी खर्ऱ्याची पिचकारी टाकतो अन् उठून आत जातो.