सत्तर पानांचा पुडा

दुर्गे मॅडमनी कोणाच्याच वहीत कधी फुली मारली नाही.

आज पहाटे त्या गेल्या.

धानोऱ्याकडच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. ऋण संख्या त्यांनी नाल्याच्या पुलावर नेऊन शिकवल्या. खांबावर खडूनं शून्य काढलं आणि म्हणाल्या, "पाणी याच्या खाली गेलं की काय लिहाल?"

उत्तर चुकलं की त्या बाजूला लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढायच्या. मग विचारायच्या, "हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं बरोबर आहे, ते शोधून आण."

पोरं खरंच शोधून आणायची.

मी नाही आणलं.

मी नववीत होते. चाचणीत विचारलं होतं, वर्गात पस्तीस टक्के मुली आहेत, तर त्या अर्ध्याहून जास्त की कमी?

मी लिहिलं, बरोबर अर्ध्या.

शेजारच्या पोरीनं ते वाचून दाखवलं आणि अख्खा वर्ग हसला.

मॅडमनी विचारलं, "काऊन गं, अर्ध्या कशा?"

मला कारण माहीत होतं. पण तालुक्याच्या गावातल्या पोरींसमोर ते सांगायची लाज वाटली. मी खाली मान घालून उभी राहिले.

मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

वार्षिक परीक्षेतही टक्केवारीची सगळी उदाहरणं चुकली. पानभर लाल प्रश्नचिन्हं. पण प्रश्नचिन्हाला गुण मिळत नाहीत. मी नापास.

आईनं निकाल ऐकला आणि त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. "बस झाली शाळा. थंडीत मावशीसंगं तेलंगणात मिरची तोडाले जाशीन."

मी गणितात नापास झाले होते, म्हणून मला बोलायचा हक्क नव्हता, असं मला वाटलं.

मे महिना आला. विडीसाठी तेंदूची पानं तोडायचे दिवस सुरू झाले. आम्ही मायलेकी पहाटे जंगलात जायचो आणि दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचो. पानांच्या चिकानं बोटं काळी.

अशा एका दुपारी मॅडम दारात. लुना झाडाला टेकवलेली, डोक्यावर ओला रुमाल.

आईनं खाट टाकली. "बसा बाई. पोरीच्या शाळेचं नाव नोका काढू आता."

मॅडम खाटेवर बसल्याच नाहीत. खाली पानांच्या ढिगाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "मले शिकव बरं पुडा बांधाले."

मी शिकवलं. त्यांनी बांधला. आईनं तो हातात घेऊन नुसता चेपून पाहिला.

"कमी हाय."

"मोजला न मी!"

"तुम्ही मोजला, पन सत्तर नाई भरला. पुडा म्हंजे सत्तर पानं. अन् वरतं दोन ठेवा लागते, एखांदं फाटकं निघते म्हनून."

मॅडम थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मग आईला विचारलं, "बाई, अर्धा पुडा म्हंजे किती?"

"पस्तीस." आईनं हातातलं काम थांबवलं नाही.

"अन् पाव पुडा?"

"साडेसतरा. पन अर्धं पान कोन घेईन वो बाई?"

आई एक दिवसही शाळेत गेलेली नव्हती.

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा पुडा सुटला. मग डोळे पुसत मला म्हणाल्या, "सगळी उदाहरणं सत्तरानं भागली होती न तू?"

मी मान हलवली.

आईला काही कळेना. "म्हंजे चुकलं का नाई तिचं?"

"पुस्तक पूर्ण म्हंजे शंभर धरते. तिनं सत्तर धरलं. हिशेब तिचा बरोबर हाय."

"मंग चूक कोनाची?"

"माही," मॅडम म्हणाल्या. "एकदा विचारलं अन् सोडून देल्लं. पुन्हा विचारायचं होतं."

शिक्षक आपली चूक कबूल करतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आईनंही नव्हतं. तिनं हातातला पुडा बांधून बाजूला ठेवला.

"परीक्षा पुन्हा घेता का?"

"जूनमंदी."

"एकडाव देऊ द्या मंग. यावेळेस नाई झाली, तर मिरचीले."

मॅडम रोज दुपारी यायच्या. पानं मोजता मोजता शिकवायच्या. एकच गोष्ट त्यांनी घोटून घेतली. उदाहरण सोडवायच्या आधी वर लिहायचं: पूर्ण किती?

जूनच्या पेपरात मी प्रत्येक उदाहरणावर ते लिहिलं.

मिरचीला मावशी एकटीच गेली.

आज वीसेक वर्षं चंद्रपूरला वर्तमानपत्रात काम करते. डेडलाइन डोक्यावर असताना कोणी 'नव्वद टक्के काम पूर्ण' अशी बातमी पाठवली, की मी फोन लावते. नव्वद टक्के कशाचे? पूर्ण किती? पलीकडचा वैतागतो. माझा इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वी मॅडमना सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा आईला घेऊन गेले होते. त्यांची तब्येत उतरली होती. मॅडम हसून म्हणाल्या, "बाई, पुडा भरला आता. बांधाले हरकत नाई."

आई तडकली. "काऊन भरला? वरची दोन पानं कोन ठेवन?"

मॅडमनी ती दोन पानंही ठेवली. मला मात्र अजून पुष्कळ हवी होती.

आज अंत्यविधीला आमच्या शाळेची हल्लीची गणिताची शिक्षिका भेटली. मॅडमचीच विद्यार्थिनी. पिशवीत तपासायच्या वह्या होत्या. मी एक उघडून पाहिली.

पानभर लाल प्रश्नचिन्हं. आणि एका प्रश्नचिन्हाखाली, त्याच लाल शाईत: 'उद्या पुन्हा विचारीन.'

मॅडम, माझ्याकडून तुमचा जय भीम.
आईनं आमचा गोंडी सेवा जोहार सांगितला आहे.