ढिला फेटा

कादरभाईंचा गुडघा लोणावळ्याच्या मैदानात मोडला आणि मनही तिथंच करपलं. ही तीसच्या दशकातली गोष्ट. हुतूतूत दम धरून चढाई करणारा त्यांच्यासारखा गडी साऱ्या मावळात नव्हता. दत्तोबा वस्तादाच्या संघाला त्यांनीच जिंकून दिलं आणि शेवटच्या चढाईत पाय कायमचा अधू करून घेतला.

आमच्याकडची रीत अशी, की हरलेल्या वस्तादाने जिंकलेल्यांना आपल्या हाताने फेटे बांधायचे. कादरभाईंची पाळी आली तेव्हा दत्तोबाने त्या हरलेल्या वस्तादाला अडवलं. "लंगड्याला फेटा कशाला? काठी द्या त्याला!" सगळं मैदान हसलं. ते हसू मला अजून ऐकू येतं आणि अजून डोकं सणकतं.

मी भुशीच्या संघात होतो. आम्हाला कुणीही यावं आणि लोळवून जावं, अशी गत होती. आमच्या कोंडाजी वस्तादाने हात टेकले, तसे आम्ही कादरभाईंच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्यांची बायको जैतुनबी त्यांचा गुडघा तेलाने चोळत होती आणि चोळता चोळता दत्तोबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"येतो," कादरभाई म्हणाले. "दुसरं काय नगं. दत्तोबाच्या हातनं फेटा पायजे."

आषाढात आमच्या संघातल्या अंबाजीने लावणी लांबवून आपलं चिखलणी झालेलं भातखाचर आम्हाला दिलं. गुडघाभर चिखलात चढाई, चिखलातच पकड. बांधावर काठी आपटत कादरभाई ओरडायचे, "पाय उचला! दत्तोबा हसतोय तिकडं!"

तो खरंच हसत होता. लंगडा पोरांना भात लावायला शिकवतोय, असं बाजारभर सांगत फिरत होता. सांग बाबा, म्हटलं, पोटभर सांग.

दिवाळीनंतर कोरड्या मैदानात उतरलो, तर पायांना वजनच नाही! घोरावाडी हरली, सुदुंबरे हरलं. मग लोणावळ्यात दत्तोबाचा संघ समोर आला. त्याचे गडी आम्ही एकेक करून मातीत निजवले. एकाला तर मी गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. मजा आली, खोटं कशाला बोलू?

फेटे आले. कादरभाई मैदानाच्या मधोमध पाय पसरून बसले.

"गुडगा वाकत न्हाई, वस्ताद. तुमीच वाका."

दत्तोबा नाक मुठीत धरून वाकला आणि फेटा बांधला. कादरभाईंनी तो चाचपला आणि ओढून सोडला.

"ढिला हाय. परत बांदा."

त्याने परत बांधला. मैदानात कुणी हसत नव्हतं. कादरभाईंनी उठायला काठी घेतली आणि मला वाटलं, फिटलं सगळं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून जैतुनबीचा खणखणीत आवाज आला, "आजूनबी ढिलाच हाय!"

कादरभाईंनी काठी खाली ठेवली आणि पुन्हा पाय पसरला.