अर्धा टँकर

श्रीवर्धनच्या नाक्यावर माझं व्हिडिओ गेम खेळायचं दुकान आहे. एका दुपारी साठीचे एक काका तणतणत आत आले आणि रेसिंगच्या खुर्चीत बसले. खाकी शर्ट, हाताला ग्रीस.

पडद्यावर वळण आलं की ते आधी ब्रेक दाबायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच स्टिअरिंग फिरवायचे. मी हसलो. "काका, कशाची वाट बघताय?"

"पाण्याची," ते खेकसले. "टँकर चालवतो मी. ब्रेक दाबला की पाणी पुढं धावतं. ते बसल्याबिगर वळायचं न्हाय."

"ही रेसची गाडी आहे. हिच्यात कुठलं पाणी?" माझंही डोकं फिरलं. त्यांना उठवून मी खुर्चीत बसलो आणि ब्रेक दाबतच वळण घेतलं. गाडीचा मागचा भाग सटकला, ती गर्रकन फिरली आणि कठड्यावर आदळली.

"वजन पुढं गेलं, मागची चाकं हलकी झाली," ते म्हणाले. "पाणी नसंल, वजन तर हाय ना? मालकालाबी हेच सांगितलं. अर्धा भरलेला टँकर घाटात नको पाठवू. म्हणाला, जमत नसंल तर चावी ठेव. सकाळीच ठेवली."

मी उठलो, तसे ते पुन्हा खुर्चीत बसले आणि गाडी पळवू लागले. तेवढ्यात दारासमोरून एक टँकर घाटाकडे भरधाव गेला. नाक्याच्या वळणावर त्याच्या झाकणातून पाणी उसळलं.

"माझाच टँकर," काका म्हणाले. "थांब की मेल्या."

टँकर दिसेनासा झाला. पडद्यावरची गाडी केव्हाच थांबली होती, तरी काकांनी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून धरले होते.